घरच्या घरी कोस्टर: जुनी साडी, जीन्स, उरलेली फरशी की रद्दी?

कोस्टर म्हणजे टेबल खराब होऊ नये म्हणून कप-ग्लासाखाली ठेवायचा तुकडा. कपबशी होती तोवर बशीच हे काम करायची. पुढे घरात चहाचे मग आले, उंच काचेचे ग्लास आले आणि टीपॉयवर पांढरट वर्तुळं उमटायला लागली. ही वर्तुळं बहुतेक वेळा पॉलिशच्या थरात अडकलेल्या ओलीची असतात. फ्रेंच पॉलिशच्या सागवानी टीपॉयला नुसता गरम कपही पुरतो. सनमायका किंवा ग्रॅनाइट असेल तर एवढी काळजी नाही.

म्हणून आधी हे बघा की तुमच्याकडे टेबलावर जास्त काय ठेवलं जातं. मुंबई, कोकण, गोव्याच्या दमट हवेत मे महिन्यात फ्रिजच्या पाण्याचा ग्लास ठेवला की थोड्याच वेळात त्याच्याखाली तळं साचतं. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात तोच ग्लास बराच कोरडा राहतो. चहाच्या मगाला घाम फुटत नाही, तिथे फक्त उष्णता अडवायची असते. घाम फुटलेल्या ग्लासासाठी मात्र पाणी टिपणारंच काहीतरी हवं.

पाणी टिपण्यात जुन्या सुती साडीला तोड नाही. नव्या कापडात खळ असते, त्यामुळे ते सुरुवातीला पाणी नीट पीत नाही. वर्षानुवर्षं धुतलेली साडी थेंब पडताक्षणी शोषून घेते. साडी खरोखर सुती आहे का, अशी शंका असेल तर थेंब टाकूनच बघा. तो वर गोळी होऊन थांबला, तर कापडात पॉलिस्टर आहे असं समजायला हरकत नाही. अशी साडी बाजूला ठेवा.

करायची पद्धत गोधडीचीच. साधारण बारा सेंटिमीटरचे चौकोन कापायचे, साडी पातळ असेल तर पाच-सहा थर एकावर एक ठेवायचे आणि धावदोऱ्याने कडेपासून आत आत टाके घालत मध्यापर्यंत यायचं. टाका फार ओढू नका, नाहीतर मधला भाग फुगतो आणि ग्लास डुगडुगतो. काठाची पट्टी वरच्या थराला आली तर देखणं दिसतं, पण जरीचा काठ घेऊ नका. तो पाणी पीत नाही आणि खडबडीतही असतो.

कापडाची एक मोठी खोट आहे: पोट भरलं की ते पाणी खाली सोडतं. ओलं कापड पॉलिशवर तासभर पडून राहिलं, तर कोस्टर नसलेला बरा म्हणायची वेळ येते. यावर उपाय घरातच आहे. दुधाची पिशवी धुऊन, वाळवून तिचा चौकोन कापा. वरचे थर आधी आपापसांत टाचून घ्या, मग त्याखाली पिशवीचा तुकडा आणि त्याखाली शेवटचं कापड ठेवून फक्त चारी कडा शिवा. पिशवीतून मधे कुठेही सुई जाऊ द्यायची नाही, कारण प्रत्येक भोकातून पाणी झिरपतं. चहाच्या मगाने हे प्लास्टिक वितळत नाही, पण इस्त्रीने वितळतं. तेव्हा हे कोस्टर धुऊन हातानेच सरळ करा. पावसाळ्यात ते लवकर वाळत नाहीत आणि कुबट वास धरतात, म्हणून दोन संच केलेले बरे.

जीन्स हे तसं सुतीच कापड, पण जाड. दोन थरांत काम होतं, शिवण मात्र जड जाते. मशीनवर सोळा नंबरची सुई लावा आणि कडा आत दुमडण्याच्या भानगडीत पडू नका. दुमडलेल्या कडा इतक्या जाड होतात की ग्लास तिरका बसतो. कडेपासून थोडं आत शिवून बाहेरचे धागे सुटे ठेवले, तर झालरही छान दिसते. फक्त रंग तपासा. पांढरा रुमाल ओला करून जीन्सवर जोरात घासा. निळा उतरला, तर तो फिकट लाकडावरही उतरेल. मला स्वतःला वर साडी, खाली जीन्स ही जोडी सगळ्यात आवडते. वरचं कापड पाणी पितं, खालचं कोस्टरला वजन देतं.

घराचं काम झाल्यावर उरलेली चार इंची टाइल हे सगळ्यात कमी मेहनतीचं कोस्टर. खाली जुन्या जीन्सचा तुकडा फेविबॉण्डने चिकटवला की झालं. गरम मगासाठी उत्तम, पुसायला सोपं, वर्षानुवर्षं टिकतं. थंड ग्लासासाठी मात्र मी टाइल सुचवणार नाही. गुळगुळीत ग्लेझवर पाणी साचतं, ग्लासाचा सपाट तळ त्या पाण्याने टाइलला चिकटतो, ग्लास उचलला की टाइलही वर येते आणि मग सुटून खाली आदळते. काचेचा टीपॉय असेल तर विचारायलाच नको. जुन्या सीडीचंही असंच होतं. ती कापडी कोस्टरच्या पोटात ताठपणासाठी घालायला चांगली. शहाबादी फरशीचा किंवा संगमरवराचा तुकडा असेल तर लिंबू आणि कोकम सरबत जपून. दोन्ही दगड चुन्याचे, आंबट पडलं की पॉलिश जाऊन कायमचा डाग राहतो.

आता रद्दी. वर्तमानपत्राच्या घड्या घालून बोटभर रुंदीच्या पट्ट्या करायच्या, त्या घट्ट गुंडाळत फेविकॉलने चिकटवत जायचं. रंगीत पानांचं वर्तुळ फार सुंदर दिसतं, मुलांना करायलाही आवडतं. पण साधा फेविकॉल पाण्याने मऊ पडतो आणि गुंडाळी सुटायला लागते, म्हणून वर वॉर्निशचे दोन-तीन हात द्यावेच लागतात. म्हणजे वॉर्निश आणि ब्रश विकत आणायचे, आणि एवढं करून ते पाणी टिपत नाहीच. शिवाय कोरी रद्दी रद्दीवाला घेतो, तिचा पुन्हा कागद होतो. वॉर्निश लावलेली गुंडाळी शेवटी कचऱ्यातच जाणार. विरलेली साडी आणि गुडघ्यात फाटलेली जीन्स मात्र बोहारीणही सहसा घेत नाही. टाकाऊतून टिकाऊ करायचं मनापासून वाटत असेल, तर जे दुसरं कोणी घेणार नाही तेच आधी हाताशी घ्या.

सुतळीची गुंडाळी चहाच्या मगाखाली शोभते, पण ती ओली राहिली की बुरशी धरते. ती कोरड्या हवेच्या गावांसाठी ठीक.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून द्यायचे असतील, तर साडीचेच करा. साडेपाच मीटरच्या एका साडीतून, विरलेला भाग सोडला तरी, सहा थरांचे पन्नासेक कोस्टर सहज निघतात. दोन-दोनची जोडी बांधली तर पंचवीस जणींचं वाण होतं. हाताने शिवणार असाल तर मात्र दिवाळी झाली की लगेच शिवायला बसा.