निकॉन २००-५०० मिमी झूम लेन्स पक्ष्यांच्या क्लोजअपसाठी घ्यावी का

निकॉनची डीएसएलआर बॉडी असेल आणि पक्ष्यांचे क्लोजअप हवे असतील तर घेऊन टाका भाऊ. ५०० मिमीच्या पूर्ण झूमला पण एफ ५.६ (उजेड आत घेणारं लेन्सचं तोंड तेवढंच मोठं) कायम मिळतं आणि मिनिमम फोकस, म्हणजे जवळात जवळचं अंतर, २.२ मीटर, म्हणजे सात-साडेसात फुटांवरचा खंड्यासुद्धा पकडते. वजन मात्र २.३ किलो, हातात धरून थांबलं की खांदा भरून येतो, मोनोपॉड (एका पायाचा स्टँड) नाहीतर गाडीच्या खिडकीत बीन बॅग ठेवाच, आपल्याकडे पिशवीत सरकी भरली तरी भागतं.

आता खरा मुद्दा. पक्षी फ्रेमभर आला की लोक लगेच 'भारी क्लोजअप' म्हणतात, मला नाही पटत. मी आधी डोळा बघतो. डोळा कडक शार्प पाहिजे आणि त्यात उजेडाचा ठिपका पाहिजे, ते नसेल तर पिसं मोजता आली तरी फोटो मेलेलाच. क्रॉप बॉडीवर (लहान सेन्सरचा कॅमेरा) चार मीटरवरून ५०० ला एफ ५.६ वर शार्प पट्टा जेमतेम दीड सेंटीमीटरचा, खंड्याची चोच त्याहून कितीतरी लांब, त्यामुळे तो समोर तोंड करून बसला की दोन्हीतलं एकच मिळणार, मग डोळा धरा, चोचीचं टोक गेलं तरी चालतं. आणि हतनूर धरणावर बदकाचा फोटो उभ्याने काढला की नुसती पाठ येते, काठावर आडवे व्हा, चिखल लागू द्या.

डिटेल कधी कामाला येतं तर रानपिंगळ्याला. हा ११३ वर्षांनी १९९७ मध्ये आपल्या शहाद्याजवळच परत सापडला ना, त्याचं डोकं जवळपास साधं असतं आणि साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके, तो फरक फोटोत दिसलाच पाहिजे. पण त्यासाठी मोबाईलवर त्याच्या आवाजाचं रेकॉर्डिंग वाजवून बोलवायचं असेल तर नको तो फोटो.

उन्हाळ्यात इकडे ऊन चढलं की जमिनीवरून झळा निघतात, लांबचा पक्षी लिबलिबीत येतो आणि बोंब लेन्स सॉफ्ट असल्याची. तिथे कुठलीच लेन्स काही करू शकत नाही, सकाळी लवकर जा.

सेकंडहँड घेताना व्हीआर (हाताची थरथर सावरणारी सोय) चालू करून ५०० वर चेक करा. फिल्टर ९५ मिमीचा लागतो, महाग पडतो, मी लेन्सच्या तोंडावरच्या नुसत्या हूडवर भागवतो.