‘संशयकल्लोळ’चं नेपथ्य: रंगवलेले पडदे की एकच चौकट?

मैत्रिणीचा हौशी संघ गो. ब. देवलांचं ‘संगीत संशयकल्लोळ’ हे विनोदी संगीत नाटक बसवतोय. जुन्या धर्तीचे रंगवलेले पडदे घ्यावेत, की दोन दारं आणि एक बाक असलेली एकच चौकट उभारावी, यावर तिचं अडलंय.

खर्चाचं म्हणाल तर पडदे भाड्याने मिळाले तर स्वस्त, नव्याने रंगवून घेतले तर महाग. चौकट एकदाच बांधायची. दौऱ्यात मात्र गुंडाळलेला पडदा टेम्पोत सहज मावतो. चौकट सुट्या भागांची हवी, नाहीतर हमालीच जास्त.

खरा प्रश्न गतीचा आहे. रेवतीच्या हातून रस्त्यात पडलेली तिच्या प्रियकराची, अश्विनशेठची तसबीर कृत्तिकेला सापडते, आणि ती बायकोच्या हाती पाहून कृत्तिकेचा नवरा फाल्गुनराव संशयाने पेटतो. चौकटीत रस्ता आणि घर एकाच वेळी दिसलं, तर कोण काय अर्धवट बघतंय हे प्रेक्षकाला आधी कळतं, आणि हशा तिथेच पिकतो. पडद्यांना हे जमत नाही. पण गाण्यांना ते शोभतात, पदाभोवती जुना माहोल उभा राहतो.

आधुनिक करायचं म्हणून तसबिरीऐवजी मोबाइल आणू नका. एक फोन केला की मोबाइलचा मालक कळेल आणि संशयच संपेल.

पदं भरपूर ठेवून तीन तासांचा प्रयोग करणार असाल, तर पडदे घ्या. दोन तासांची, पदं कमी केलेली रंगावृत्ती असेल, तर चौकटच. मैत्रिणीला मी चौकट सांगितली आहे. तिच्याकडे गायक दोनच आहेत.