ध्यानाला बसताना हात गुडघ्यावर की मांडीत?

चार वर्षं मी ज्ञानमुद्रेत, म्हणजे हात गुडघ्यावर आणि तर्जनीचं टोक अंगठ्याला टेकवून बसलो आणि गेली दोन वर्षं हात मांडीत घेऊन बसतो. दोन्ही करून जे वाटलं ते सांगतो. प्रत्येकाचं अंग वेगळं, तेव्हा थोडं तारतम्याने घ्या.

अर्थ पाहायचा तर ज्ञानमुद्रा सरस. अंगठा परमात्मा, तर्जनी जीव आणि उरलेली तीन बोटं सत्त्व, रज, तम. त्या तिघांची संगत सोडून जीव वाकतो आणि अंगठ्याला टेकतो. न बोलता शिकवणाऱ्या दक्षिणामूर्तीच्या, म्हणजे शिवाच्या गुरुरूपाच्या, हातात हीच खूण असते. तिथे तिला चिन्मुद्रा म्हणतात. तळवा वर असला तर चिन्, खाली असला तर ज्ञान, असाही भेद काही जण करतात. मला त्यात एवढंच कळलं की बडोद्याच्या उन्हाळ्यात तळवे वर असलेले बरे, निदान लेंगा भिजत नाही.

मांडीतल्या हातांचा असा बोटवार अर्थ लावत बसावं लागत नाही. ध्यानस्थ बुद्ध किंवा बसलेले तीर्थंकर आठवा: एका तळव्यावर दुसरा, बस्स. बुद्धमूर्तीत बहुधा उजवा हात वर असतो, जपानी झेनमध्ये डावा, आणि अंगठ्यांची टोकं एकमेकांना जेमतेम लागलेली. मी झेनची पद्धत घेतली, ती या अंगठ्यांसाठी.

कारण माझं घोडं अडलं ते चिमटीपाशी. दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घराच्या गच्चीवर पहाटे बसायचो. पाच मिनिटं झाली की तर्जनी अंगठ्याला अशी दाबायचो, जणू कोणी ती हिसकावून नेणार आहे. उठल्यावर अंगठ्याच्या पेरावर नखाची चंद्रकोर उमटलेली आणि हात कोपरापर्यंत ताठ. सैल सोडू म्हटलं तर डुलकी लागायची, बोटं कधी सुटली ते कळायचंही नाही आणि हात गुडघ्यावरून घसरला की दचकून जाग. शिकवणारे म्हणायचे, ‘हलकेच टेकवा.’ पण हलकेच टेकवण्याकडेच सगळं लक्ष गेल्यावर श्वासाकडे बघायचं कोणी?

मांडीत अंगठेच चुगली करतात. पेंग आली की ते खाली पडतात, मन ताणलं की वर उचलून डोंगर होतो. दोन्ही वेळा तिथल्या तिथे कळतं. मोजमाप काही केलेलं नाही, पण दचकून उठणं थांबलं हे खरं.

खोट इथेही आहे. माझ्यासारखा सडपातळ माणूस असेल तर हात अधांतरी राहतात आणि त्यांच्या ओझ्याने खांदे ओघळतात. पंचाची चौपदरी घडी मांडीत ठेवली की भागतं. मे महिन्यात तळव्याला तळवा चिकटतो, त्याला इलाज नाही. खुर्चीवर बसणार असाल तर मात्र गुडघ्यावरचा हातच सोयीचा, असं मला वाटतं.

अमक्या बोटाने सांधे, तमक्याने पोट, असे तक्ते भिंतीवर दिसतात. त्यांवरून मुद्रा निवडू नका. हठयोगप्रदीपिका या हठयोगाच्या जुन्या ग्रंथातल्या 10 मुद्रांमध्ये बोटांची एकही नाही. आणि 1908 च्या जानेवारीत इथेच, बडोद्यात, योगी विष्णु भास्कर लेल्यांनी श्रीअरविंदांना 3 दिवस घेऊन बसवलं, तेव्हा अरविंद सांगतात ती सूचना मनात शिरू पाहणारे विचार बाहेरच परतवण्याची होती, हातांची नव्हे.

आमच्या घरात अजून दोन्ही पक्ष आहेत. बायको ज्ञानमुद्रेतच बसते. तीस वर्षं रोज दारात रांगोळी घालून तिची चिमूट तयार झाली आहे; तिच्या अंगठ्यावर नखाची खूण मी कधी पाहिली नाही.