बँकेतून वकिलीत येताय? लॉ फर्म की इन-हाऊस

पस्तिशीत बँकेचं क्रेडिट डिपार्टमेंट सोडून फायनान्सच्या वकिलीत यायचंय असं कोणी म्हटलं की मी आधी हेच सांगते, तीन वर्षांचं एलएलबी रेग्युलरच करावं लागतं, पत्राद्वारे केलेलं सनदेला (वकिलीच्या परवान्याला) चालत नाही आणि 70 टक्के हजेरी लागते, तेव्हा आधी घरच्यांशी नीट बोला.

मग प्रश्न फर्म की इन-हाऊस, म्हणजे बँकेच्या किंवा कंपनीच्या स्वतःच्या लीगल विभागातली नोकरी. फर्ममध्ये लोन अ‍ॅग्रीमेंट, गहाणखत, गॅरंटी सगळं स्वतः ड्राफ्ट करता, आज बँकेच्या बाजूने तर उद्या कर्जदाराच्या, त्यामुळे हात लवकर बसतो. पण शेजारी दहा वर्षांनी लहान मुलं असतात, आणि डील क्लोज होताना घरी कधी पोचाल याचा नेम नाही.

इन-हाऊसला मात्र जुना अनुभव पहिल्या दिवसापासून कामी येतो. कर्ज थकलं की 2002 चा सरफेसी (बँकेला कोर्टात न जाता तारण ताब्यात घेऊ देणारा कायदा) लावायचा की 2016 च्या आयबीसीखाली, म्हणजे दिवाळखोरी कायद्याखाली, एनसीएलटी या कंपनी न्यायाधिकरणात जायचं, हे ठरवताना बॅलन्स शीट वाचता येणारा वकील खरंच लाखमोलाचा. फक्त पूर्णवेळ पगारी नोकरी धरली की बार कौन्सिलच्या नियम 49 प्रमाणे प्रॅक्टिस थांबवावी लागते, म्हणजे कोर्टात उभं राहता येत नाही, आणि हे बऱ्याच जणांना जॉइन झाल्यावरच कळतं.

मला विचाराल तर आधी दोन-तीन वर्षं फर्मच. घरी ईएमआय आणि लहान मूल असेल तर मात्र सरळ इन-हाऊस घ्या.