सासरचा खेळ की शेफचं ताट?

मावसबहिणीचं लग्न आठ दिवसांवर आलेलं. जळगावात आम्ही पाच जणी एका खोलीत, पुढ्यात शेव-मुरमुऱ्यांची परात. फर्माईश अशी, की भीती वाटली पाहिजे, हसूही आलं पाहिजे, आणि बाई रडूबाई नको. उरले दोन सिनेमे: ‘रेडी ऑर नॉट’ (2019) आणि ‘द मेन्यू’ (2022). दोन्ही आधी बघितलेली मी एकटीच, त्यामुळे निवाडा माझ्या गळ्यात.

पहिल्यात ग्रेस नावाची साधी मुलगी गडगंज घरात लग्न करून येते. ले डोमास घराण्याचा पैसा खेळांच्या धंद्यातला. म्हणून घरात येणाऱ्या नव्या माणसानं लग्नाच्या रात्री पेटीतून पत्ता काढायचा आणि निघेल तो खेळ खेळायचा. आपल्याकडे हळद उतरवताना नवरा-नवरी सुपारी लपवतात, तसलाच काहीतरी प्रकार असेल असं तिला वाटतं. निघते लपाछपी. पहाटेपर्यंत नवरी मेली नाही तर आपण सगळे मरू, अशी सासरच्यांची पक्की खात्री!

यातली टर थेट आहे. भिंतीवरची जुनी हत्यारं मोठ्या तोऱ्यात उतरवतात, पण चालवता कुणाला येतात? जावईबापू बाथरूममध्ये बसून मोबाइलवर शिकवणी घेतात. घरची लेक चुकून मोलकरणीला गोळी घालते आणि रडते ती स्वतःच्या नशिबाला. समारा वीव्हिंगची ग्रेस मात्र झाशीची राणी बनून येत नाही. ती घाबरते, ओरडते, शिव्या घालते, लग्नाचा घेरदार झगा टराटरा फाडते, पायात कॅनव्हासचे बूट चढवते आणि पळते. मला ती पटली ती त्या झग्यामुळे. दर दहा मिनिटांनी तो आणखी मळतो, आणि बाई आणखी टणक होते.

‘द मेन्यू’चा मामला थंड डोक्याचा. बेटावरचं हॉटेल, माणशी 1,250 डॉलरचं जेवण, आणि राल्फ फाइन्सचा शेफ, ज्यानं एकदा टाळी वाजवली की पोटात गोळा येतो. एका फेरीत पावाचं ताट येतं, पण पाव गायब. पाव गरिबांचं अन्न, तुम्ही कुठले गरीब, म्हणून नुसती तोंडीलावणी चाटा! पऱ्हाट्यांवर वांगी भाजून कळण्याच्या भाकरीशी भरीत ओरपणाऱ्या माणसाला हा विनोद समजावून सांगावा लागत नाही. उद्या कुणी भाकरीविना भरीत मांडून हजार रुपये लावले, तर फोटो काढणारे जळगावातही निघतील.

इथली मार्गो, म्हणजे अन्या टेलर-जॉय, हत्यारापेक्षा डोक्यानं लढते. मूळ पाहुण्यांच्या यादीत ती नसतेच. वाढणारा कोण आणि खाणारा कोण हे तिला बरोबर ओळखता येतं, आणि तिची ताकद तीच. उपहास म्हणून हा सिनेमा सरस, यात वाद नाही. पण शेफ जिवावर उठलेला असताना बाकीचे पाहुणे इतके निमूट बसून राहतात, की मधे मला त्यांचाच राग आला.

रक्ताचं म्हणाल तर ‘मेन्यू’त दोन-तीन जागी डोळे मिटावे लागतील. ‘रेडी ऑर नॉट’चा शेवट म्हणजे नुसती रंगपंचमी, शिवाय शिव्या भरपूर. घरात आजी-मामा जागे असतील तर हेडफोन लावा. ‘रेडी ऑर नॉट’ 95 मिनिटांचा, ‘मेन्यू’ 107. एकटीनं, जेवण झाल्यावर, शांतपणे बघायचा असेल तर ‘मेन्यू’. घोळक्यात ‘रेडी ऑर नॉट’च, आणि घोळक्यात एखादी होणारी नवरी असली तर विचारूच नका.

आम्ही तोच लावला. लग्नानंतर अमळनेरला सुपारीचं ताम्हण पुढे आलं, तेव्हा बहिणीनं आधी दरवाजा कुठे आहे ते बघितलं, मग माझ्याकडे. आम्ही दोघी का फिसकन हसलो, ते जावयांना अजून कळलेलं नाही.