मंडळाने दिलेले लॅपटॉप: एक पावसाळा काढल्यानंतर

आधी यंत्राबद्दल सांगते, मग ज्या प्रश्नासाठी हे लिहायला घेतलंय त्याबद्दल: प्राथमिक शाळेतल्या प्रत्येक मुलाला सरकारने लॅपटॉप द्यावा का? तारे द्यायचेच तर यंत्राला पाचपैकी तीन, आणि 'प्रत्येक मुलाच्या हातात एक' या कल्पनेला एक.

आमची शाळा गुहागर तालुक्यात, खाडीच्या तोंडाशी. पहिली ते चौथी, द्विशिक्षकी, पट विसाच्या आतबाहेर. गेल्या जूनमध्ये गावच्या मुंबई मंडळाने प्रत्येक मुलाला एक याप्रमाणे लॅपटॉप दिले. अकरा इंची, ४ जीबी रॅम, प्रोसेसर सगळ्यात साधा, किंमत वीस हजारांच्या घरात. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण याच दरातल्या दुसऱ्या कुठल्याही यंत्राची गत किनाऱ्यावर फार वेगळी झाली असती असं वाटत नाही. वाटपाला भाषणं झाली आणि प्रत्येक भाषणात एक वाक्य होतंच: हे खरं तर सरकारने करायला हवं. तेव्हापासून शाळा व्यवस्थापन समितीची एकही सभा या विषयाशिवाय संपलेली नाही.

पडदा चांगला आहे, पण वर्गातच. ओटीवर किंवा अंगणात नेला की मुलांना स्वतःचं तोंड दिसतं, बाकी काही नाही. बॅटरी सुरुवातीला शाळेचा अर्धा दिवस सहज काढायची, आता मधल्या सुट्टीपर्यंत तग धरते. कळफलक मात्र दणकट निघाला. पहिलीतली मुलं कळा दाबत नाहीत, ठोकतात, तरी एकही कळ उखडलेली नाही.

खरी खोट पंख्यात आहे. खाली जाळी, आत छोटा पंखा. म्हणजे खारा वारा मिनिटामिनिटाला आत ओढून घेण्याची सोय कंपनीनेच करून दिलेली. ऑगस्टपर्यंत चार्जिंगच्या भोकाभोवती हिरवट थर चढला, बिजागऱ्या कुरकुरायला लागल्या. सप्टेंबरात एका यंत्राच्या जाळीतून मुंग्या जा-ये करताना दिसल्या. उलटं करून मागचं झाकण काढलं तर बॅटरीच्या कडेकडेने पांढऱ्या अंड्यांची रास, उबेला नीट लावून ठेवलेली. ब्रशने झाडलं, उन्हात धरलं, चालू झालं. आणखी दोन यंत्रांचं नशीब एवढं चांगलं नव्हतं. आता सगळी यंत्रं पत्र्याच्या पेटीत असतात आणि पेटीत पिवळा बल्ब लावलेला असतो. बुरशी धरू नये म्हणून फोटो स्टुडिओवाले कॅमेऱ्याच्या कपाटात लावतात तसा. बल्बला वीज लागते, आणि ती नसते तेव्हाच दमट हवा सगळ्यात जास्त असते, हा भाग वेगळा.

यावर उपाय कुणाला सुचलाच नव्हता असं नाही. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतले निकोलस निग्रोपोंटे यांनी २००५ साली 'शंभर डॉलरचा लॅपटॉप' जाहीर केला. त्यातून निघालेल्या हिरव्या-पांढऱ्या एक्सओ यंत्राला पंखा नव्हता, फिरणारी हार्ड डिस्क नव्हती, कळफलक रबरी आणि बंदिस्त होता, पडदा भर उन्हात वाचता यायचा. किंमत शंभरवर कधीच उतरली नाही, दुपटीच्या आसपासच राहिली. पण मुलांचं यंत्र धूळ, पाणी आणि आपटाआपट सोसणारं हवं, हे त्यांना कळलं होतं. भारतातला त्याचा पहिला प्रयोग २००७ मध्ये झाला तो आपल्या रायगडातच, कर्जतजवळच्या खैराटला, एका छोट्या वस्तीच्या शाळेत. मंडळाच्या तरुण मंडळींना हे सांगितलं तेव्हा त्यांना ते नवीनच होतं. खैराटच्या प्रयोगाच्या आदल्या वर्षी केंद्राच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने ही योजना देशभर राबवायला नकार दिला होता. आधी वर्गखोल्या आणि शिक्षक हवेत, असं त्यांचं म्हणणं. त्या वेळी ते अनेकांना मागासलेपणाचं वाटलं होतं. आज वाटत नाही.

आता उपयोगाचं. सगळ्यात जास्त काय चाललं तर टक्स पेंट, म्हणजे मुलांसाठीचा चित्रं काढायचा प्रोग्राम, आणि मराठी टंकलेखन. टक्स पेंटबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. मुलं होड्या काढतात, होड्यांवर झेंडे काढतात, आणि रंगाचा डबा ओतल्यासारखं सगळं पान निळं करतात. टंकलेखनाचं मात्र जरा सविस्तर सांगायला हवं.

आम्ही इनस्क्रिप्ट शिकवलं, म्हणजे प्रत्येक कळेवर थेट देवनागरी अक्षर असलेली कळफलकाची मांडणी. रोमन अक्षरांतून मराठी उमटवायची पद्धत मोठ्यांना सोपी जाते, पण दुसरीतल्या मुलाला इंग्रजी स्पेलिंगच्या वाटेने 'घर' लिहायला लावणं हा उफराटा कारभार झाला. इनस्क्रिप्टमध्ये स्वर डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला, आणि जोडाक्षर करायचं तर मधे हलन्ताची कळ. तिसरीत दर वर्षी मुलं रफार आणि 'र' जोडलेलं अक्षर यांत घोळ घालतात. 'चक्र' आणि 'तर्क' फळ्यावर कितीही वेळा लिहा, वहीत 'तक्र' येतंच. इथे एका मुलीने 'तर्क' लिहायला त, मग क, मग हलन्त, मग र असं दाबलं आणि पडद्यावर 'तक्र' आलं. ती थांबली. पुसलं. या वेळी र आधी, मग हलन्त, मग क. र उडी मारून क च्या डोक्यावर जाऊन बसला. "बाई, र आधी बोलायचा तर आधीच दाबायचा!" मी रफार शिकवताना इतकं सरळ कधी सांगितलं नव्हतं. त्यानंतर तिने सूर्य, पर्वत, ग्रह, चंद्र असे शब्द एका दमात काढले आणि शेजारच्या दोघांनाही शिकवलं.

यातला 'शेजारच्या दोघांनाही' हा भाग नीट बघा. तिघांत एकच यंत्र चालू होतं, कारण बाकीची चार्जिंगला होती. ज्या दिवशी प्रत्येकासमोर एकेक असतं त्या दिवशी वर्ग गप्प असतो. जो अडतो तो अडूनच राहतो, किंवा हळूच खेळ उघडतो. तिघांत एक असलं की एक टंकतो, दुसरा चुका काढतो, तिसरा भांडतो, आणि त्या भांडणात बरंच शिकून होतं. वेळापत्रकात आता प्रत्येकी एक यंत्राचा तास मी ठेवतच नाही.

घरी नेण्याचा प्रयोगही झाला. मंडळाचीच तशी इच्छा होती. शनिवारी यंत्रं जायची, सोमवारी यायची. कुठे मोठ्या भावाने पेन ड्राइव्हवरून सिनेमे भरले, ते ठीक, अपेक्षितच होतं. जास्त घरांत ते पिशवीतून बाहेरच निघालं नाही. एका आईने साडीत गुंडाळून कपाटात वरच्या फळीवर ठेवलं होतं. म्हणाली, "मोडला तर भरायचा कोणी? आमच्यानं नाय व्हायचं." तिचं काय चुकलं? पावसात मजुरीला जाणाऱ्या घरात वीस हजारांची वस्तू म्हणजे शनिवार-रविवारचा घोरच. दिवाळीनंतर आम्ही घरी देणं बंद केलं. कुणाही पालकाने कारण विचारलं नाही.

दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशातही असंच झालं होतं. तिथल्या सरकारने आठ लाखांहून जास्त एक्सओ घेतले. २०१२ साली इंटर-अमेरिकन डेव्हलपमेंट बँकेने तिथल्या ग्रामीण भागातल्या ३१९ प्राथमिक शाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. यंत्रांचा वापर भरपूर वाढला, पण गणित आणि भाषेच्या चाचणीत फरक दिसला नाही. तर्काच्या काही चाचण्यांत थोडा फायदा दिसला, तेवढाच. तिथेही बऱ्याच मुलांना यंत्र घरी मिळत नव्हतं, कारण मोडतोडीची भीती.

उलट उदाहरण दिल्लीचं. २०१५ मध्ये तिथे सहावी ते नववीच्या मुलांवर एक प्रयोग झाला. शाळा सुटल्यावर केंद्रात यायचं, संगणकावर स्वतःच्या पातळीचं गणित आणि हिंदी सोडवायचं, आणि उरलेला वेळ शिक्षकाबरोबर छोट्या गटात बसायचं. साडेचार महिन्यांत दोन्ही विषयांत चांगली प्रगती दिसली. मुलं मोठी होती, यंत्रं केंद्रातच राहिली, आणि शेजारी माणूस होता. केरळनेही २०१८ मध्ये मुलाच्या दप्तरात यंत्र न देता वर्गात दिलं, लॅपटॉप आणि प्रोजेक्टर, आणि तेही आधी आठवी ते बारावीला. पहिलीला नव्हे. तमिळनाडूने २०११ पासून फुकट लॅपटॉप वाटले, ते अकरावी-बारावीच्या मुलांना.

आमच्याकडे यावर हमखास येणारा मुद्दा टाळेबंदीचा. २०२० मध्ये कणकवली तालुक्यातल्या एका मुलीने रेंजसाठी डोंगरावर झोपडी उभारून पावसात अभ्यास केला, हे सगळ्यांना आठवतं. पण ती पशुवैद्यकाची विद्यार्थिनी होती, आणि अडलं होतं ते रेंजवर. त्या झोपडीचा दाखला देऊन दुसरीतल्या पोराच्या लॅपटॉपसाठी निधी मागणं मला पटत नाही.

आता पैशाचं, कारण सभेत शेवटी गाडी तिथेच येते. केंद्राच्या समग्र शिक्षा योजनेच्या निकषाप्रमाणे तीसपर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाला साधारण १०,००० रुपये अनुदान. त्यात खडू, साफसफाई, किरकोळ दुरुस्ती, वीज बिल. लॅपटॉप आल्यापासून बिल वाढलं आणि त्याचा हिशेब कुठल्या खात्यात बसवायचा हे सांगणारा कागद कुणाकडेच नाही. बंद पडलेलं यंत्र घेऊन सेवा केंद्रात जायचं तर चिपळूण. एक चक्कर मारण्यात दिवस जातो आणि त्या दिवशी चारही वर्ग दुसऱ्या बाईंच्या गळ्यात. केंद्रवाल्याने एकदा "पाण्याचं नुकसान, वॉरंटीत नाही" असं लिहून परत पाठवलं. पाणी कुठून आलं विचारलं तर म्हणाला, "हवेतून." बरोबरच आहे त्याचं. इथे जून ते सप्टेंबर हवेत पाणीच असतं. निसर्ग वादळानंतर २०२० च्या जूनमध्ये दापोली-मंडणगडातली गावं कित्येक आठवडे अंधारात होती. तशी वेळ पुन्हा आली तर पेटीतला बल्बही बंद.

म्हणून विचारणाऱ्यांना माझं उत्तर साधं आहे. चौथीपर्यंत माणशी एक लॅपटॉप सरकारने देऊ नये, मग पैसे कितीही असोत. द्विशिक्षकी शाळेला चार-पाच यंत्रं पुरतात, बिनपंख्याची, शाळेतच राहणारी. सरकारने पैसे घालायचेच तर केंद्र शाळेच्या (आसपासच्या शाळांच्या गटाच्या) पातळीवर एक दुरुस्तीवाला नेमावा. पगारी, मोटरसायकलवाला, महिन्यातून एकदा प्रत्येक शाळेत फेरी मारणारा, आणि सुटे भाग जवळ बाळगणारा. वीज बिलाचं वेगळं खातं द्यावं. टेंडर काढून हजारो यंत्रं घ्यायला हौस असते, फोटो निघतात. दुरुस्तीवाल्याच्या पगाराचा फोटो निघत नाही, म्हणून तो अंदाजपत्रकातही येत नाही.

मंडळाने आता खालच्या वाडीच्या शाळेलाही असेच लॅपटॉप द्यायचं ठरवलंय आणि मला अभिप्राय मागितलाय. मी लिहून कळवलं: नवे घेऊ नका. आमच्याकडची सहा यंत्रं त्यांना द्या, वाचलेल्या पैशांतून दोन्ही शाळांना इन्व्हर्टर आणि एक चांगला प्रिंटर घ्या, म्हणजे मुलांनी टंकलेलं निदान कागदावर घरी जाईल. उरलेल्यात पाच वर्षांची देखभाल कुणाकडून तरी लेखी ठरवून घ्या. खजिनदारांचं उत्तर आलं की देखभालीच्या खर्चाला सभासद वर्गणी देत नाहीत, वस्तूला देतात. प्रिंटर मात्र मंजूर झालाय.