औषधाच्या ट्रायलमध्ये नाव घालताय? त्या विभागाबद्दल थोडं

रुग्णालयांना तारे देणारे भरपूर आहेत. पार्किंग नाही, लिफ्ट बंद, डॉक्टर देवमाणूस, बिल अवाच्या सवा. पण त्याच इमारतीत मागच्या बाजूला ‘क्लिनिकल रिसर्च’ अशी पाटी लावलेला एक विभाग असतो. तिथे आमच्यासारखे पेशंट महिनोन्‌महिने येत-जात असतात आणि त्याच्याबद्दल कोणी ओळही लिहीत नाही. म्हणून मी लिहितो. रुग्णालय पुण्यातलं, मोठं. त्याचं नाव देत नाही, औषधाचंही नाही, कारण ट्रायल अजून चालू आहे. पाचपैकी चार तारे.

माझं म्हणाल तर एसटीत वाहक म्हणून लागलो, वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालो. राहायला नारायणगाव. मोठा अटॅक येऊन गेलाय, एक स्टेंट आहे आणि हृदयाचं पंपिंग तिशीच्या आसपास. चढावर धाप लागते, संध्याकाळी घोट्यावर मोज्याचा वळ उठतो. ओपीडीतल्या डॉक्टरांनीच विचारलं, “काका, एका नव्या गोळीचा अभ्यास चालू आहे, बसताय का?”

संमतीपत्र जाडजूड होतं. मराठीत होतं, पण ते मराठी कोर्टाच्या नोटिशीसारखं. कोऑर्डिनेटर मुलगी स्वभावाने चांगली, पण पहिल्या दिवशी घाईत होती. ‘इथे, इथे आणि इथे सही’ असं बोट ठेवत चालली. मी कागद पिशवीत घातले आणि घरी घेऊन आलो. तो आपला हक्क आहे, कोणी नाही म्हणू शकत नाही. घरी मुलीने सगळं वाचून दाखवलं. ट्रायल कधीही सोडता येते, कारण सांगावं लागत नाही, आणि सोडली म्हणून नेहमीचे उपचार अडत नाहीत. ट्रायलमुळे काही इजा झाली तर उपचार फुकट. २०१९च्या सरकारी नियमांत तसं आहे. कागदांवर एथिक्स कमिटीचा, म्हणजे ट्रायलमध्ये पेशंटच्या हितावर लक्ष ठेवणाऱ्या समितीचा, फोन नंबर असतो. या कमिटीत डॉक्टरांबरोबर कायद्याचा जाणकार आणि डॉक्टरकीशी संबंध नसलेला एक साधा माणूसही घ्यावाच लागतो. आणि देशातली औषधाची ट्रायल सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत आधी नोंदवायची सक्ती २००९पासून आहे. त्या नोंदणीचा नंबर मागून घ्या आणि मोबाइलवर टाकून बघा. आमच्या रुग्णालयाचं नाव केंद्रांच्या यादीत दिसलं तेव्हाच मी सही केली.

गावात चर्चा झालीच. ‘तुमच्यावर प्रयोग करणार बरं का!’ करणारच, बोलावलंय कशाला मग? पण प्रयोग न करता औषधं वाटली की काय होतं तेही डॉक्टरांनी सांगितलं. १९८०च्या दशकात अमेरिकेत अटॅकनंतर ज्यांना जादा ठोके पडत त्यांना ते दाबणाऱ्या गोळ्या सर्रास देत. ठोके दाबले की माणूस वाचला, असा हिशेब. मग कास्ट नावाची ट्रायल झाली. फ्लेकेनाइड किंवा एन्केनाइड घेणाऱ्या ७५५ जणांत ६३ दगावले, खोटी, म्हणजे दिसायला तशीच पण आत औषध नसलेली गोळी घेणाऱ्या ७४३ जणांत २६. ईसीजी सुधारला आणि माणसं गेली. १९८९मध्ये त्या दोन्ही गोळ्या तिथल्या तिथे थांबवल्या. उलटंही घडलंय. कमजोर हृदयाला बीटा ब्लॉकर, म्हणजे ठोके मंद करणाऱ्या गोळ्या, देणं एके काळी वर्ज्य होतं. १९९९मध्ये दोन मोठ्या ट्रायलनी त्याने आयुष्य वाढतं हे दाखवलं, आणि आज माझ्या डबीत मेटोप्रोलॉल ही त्यातलीच गोळी आहे. हे ऐकल्यावर खोटी गोळी वाट्याला येईल ही भीती राहिली नाही. शिवाय खोटी गोळी म्हणजे उपचार बंद असं नव्हे. नेहमीच्या गोळ्या सगळ्यांच्या चालूच असतात, ही त्यावर जादा.

आता इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. पंपिंगच्या आकड्याबद्दल पेशंट लोकांत फार घोळ आहे. तीस टक्के म्हटलं की घरच्यांना वाटतं सत्तर टक्के हृदय बंद पडलं. तसं नाही. डावा कप्पा भरल्यावर त्यात जेवढं रक्त असतं, त्यातलं एका ठोक्याला बाहेर किती गेलं, तो हा आकडा. धडधाकट माणसाचाही शंभर कधी नसतो. ५५ ते ७० म्हणजे झकास. ओपीडीत डॉक्टर बऱ्याचदा नजरेने अंदाज घेतात आणि ‘३०-३५’ लिहून मोकळे होतात. नजर मुरलेली असते, प्रश्न नाही. इथे मात्र डाव्या कुशीवर झोपवतात, छातीवर थंडगार जेल, ‘श्वास सोडा, आता थांबा’, आणि टेक्निशियन ताई चित्र थांबवून कप्प्याची आतली कड माऊसने टिंब टिंब टाकत आखते. एकदा कप्पा पूर्ण भरलेला असताना, एकदा पूर्ण आकसलेला असताना, आणि तेच पुन्हा दुसऱ्या बाजूने. मग मशीन त्या आकाराच्या चकत्या पाडून आत रक्त किती मावतं ते काढतं. टोकाकडची कड धूसर येत होती म्हणून तिने मला परत वळायला लावलं, परत श्वास धरायला लावला. कंटाळली नाही. ही चित्रं पुढे नाव काढून बाहेरच्या लॅबकडे जातात. तिथे मोजणाऱ्याला मी कोण हे ठाऊक नसतं; इको गोळी सुरू व्हायच्या आधीचा की नंतरचा हेही नाही. कारण एकच पेशंट दोघांनी मोजला तर आकडा पाचेक टक्के इकडेतिकडे होतोच. हे कळल्यापासून ओपीडीत कोणी ‘माझं ३०चं ३४ झालं’ म्हणून पेढे काढले की मी पेढा घेतो आणि गप्प बसतो.

सहा मिनिटं चालायची चाचणी म्हणजे तीस मीटरचा सपाट पट्टा, दोन टोकांना नारिंगी शंकू, आणि सहा मिनिटांत किती मीटर झाले ते मोजायचं. धावायचं नाही. दमलात तर भिंतीला टेकून उभे राहा, पण घड्याळ थांबत नाही. शेजारी उभा असलेला मुलगा दर मिनिटाला ठरलेलंच वाक्य बोलतो, ‘छान चाललंय, अजून चार मिनिटं आहेत.’ मी गप्पा काढून पाहिल्या, उत्तर नाही. नंतर म्हणाला, “काका, मी उत्साह दिला की पेशंट जोर लावतो, मग मागच्या वेळेशी तुलना कशी करणार?” पटलं. तक्रार जागेची आहे. हा पट्टा रक्त तपासणीच्या खिडकीसमोरच्या बोळात आखलाय. एकदा मी शंकूला वळसा घालत असताना स्ट्रेचर आडवं आलं, मी थांबलो, घड्याळ चालूच. मीटर कमी भरले. मी म्हटलं, शेरा मारा. आमच्याकडे गाडी लेट झाली तर का झाली ते लिहावं लागतं. त्याने माझ्यासमोर लिहिलं, खाली सही-तारीख टाकली. पुढच्या वेळी बोळाच्या तोंडाशी खुर्च्या आडव्या लावलेल्या होत्या.

मग प्रश्नावली, २३ प्रश्नांची. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीतली, हृदयाच्या ट्रायलमध्ये जगभर तीच वापरतात. गेल्या दोन आठवड्यांत आंघोळ करताना दम लागला का, जिना चढताना लागला का, असं विचारून शंभरपैकी गुण देतात. त्यात एक प्रश्न असा आहे की बस पकडायची असल्यासारखं घाईने चालताना किती त्रास होतो? उभा जन्म लोक माझ्या गाडीमागे धावले, मी कधी धावलो नाही! ‘हे काम केलंच नाही’ या पर्यायावर खूण केली. ही प्रश्नावली पेशंटने स्वतःच्या मनाने भरायची असते. आमची मंडळी शेजारून “अहो, जिन्याला त्रास होतो की, खोटं कशाला लिहिताय” म्हणाली, तर तिला गोड बोलून बाहेर बसवलं.

गोळ्यांचा हिशेब मला सगळ्यात आवडला. बाटली परत न्यायचीच, रिकामी असली तरी. ताई ट्रेमध्ये गोळ्या ओतून मोजते, वहीशी ताळा घालते. जन्मभर वेबिल, म्हणजे तिकिटांच्या हिशेबाचा कागद, जुळवलेल्या माणसाला हे बघून बरं वाटतं. एका आजींच्या गोळ्या हिशेबापेक्षा जास्त उरल्या. पुण्याला यायच्या दिवशी वाटेत लघवीला लागेल या भीतीने त्या कुठलीच गोळी घेत नव्हत्या. कोणी ओरडलं नाही, कारण लिहून घेतलं, आणि त्यांना वेळ दुपारची दिली.

फोनलाही पूर्ण गुण. रोज सकाळी चहाच्या आधी वजन करून वहीत लिहायचं. दोन-तीन दिवसांत दोन किलो चढलं तर लगेच कळवायचं, कारण ती चरबी नसते, अंगात पाणी साठत असतं. लग्नसराईत पापड-लोणच्यावर हात पडला आणि काटा वर गेला. फोन पहिल्या झटक्यात उचलला गेला, दुपारी डॉक्टर स्वतः बोलले, लघवीवाटे पाणी काढणारी गोळी वाढवून दिली आणि रक्त तपासायला बोलावलं. ओपीडीचा फोन कधी लागला तर मला सांगा.

प्रवासखर्चाला मात्र शून्य गुण. तिकीट जोडा म्हणतात. माझं ज्येष्ठ नागरिकाचं अर्धं, मंडळीचं महिला सन्मानचं अर्धं. हिशेबाच्या खिडकीवरच्या गृहस्थांना वाटलं आम्ही एकच तिकीट दोघांना लावतोय. त्यात एसटीच्या मशीनचं तिकीट खिशात घामाने पुसट होतं. वाकडेवाडीच्या एसटी स्टँडला उतरलात की आधी झेरॉक्स काढा. पुढची भेट आली तरी मागचे पैसे आले नव्हते.

तारा कापला तो यासाठी नाही. एनटी-प्रोबीएनपी म्हणून रक्ताची एक तपासणी असते. हृदयाच्या भिंतीवर ताण आला की हा आकडा वाढतो. कोणाला कोणती गोळी आहे याचा सुगावा लागू नये म्हणून आमच्या ट्रायलमध्ये तो डॉक्टरांनाही दाखवत नाहीत. ते समजू शकतो. पण सगळं संपल्यावर माझी गोळी खरी होती की खोटी, आणि औषध चाललं की नाही, हे मला कोण कळवणार? लेखी मागितलं. उत्तर आलं, “वरून आलं की सांगू.” हे ‘वरून’ मी नोकरीत भरपूर ऐकलंय. आमचं रक्त, आमची पायपीट. निकालाची एक चिठ्ठी घरी पाठवायला काय हरकत आहे?

तुम्हाला बोलावलं तर जरूर जा, पण फुकट उपचारांच्या आशेने नको. तिथे मापं घेतात, इलाज नेहमीच्या डॉक्टरांकडेच चालू ठेवायचा. सोबत माणूस हवं, कारण अर्धा दिवस जातोच. रक्त दिल्यावर नाश्त्याचं कूपन मिळतं. कॅन्टीनचे पोहे खारट असतात आणि वर पापडही ठेवतात, तेही हृदयाच्या पेशंटच्या ताटात! आम्ही घरून दशमी नेतो.